आयर्लंडच्या खेड्यात शेजाऱ्यांशी गप्पा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काउंटी मेयोमधल्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) एका नर्सिंग होममध्ये काम करते. मूळची सांगली जिल्ह्यातली. दर दोन-तीन महिन्यांनी एखादी नवी मराठी नर्स, नाहीतर तिचा नवरा, फोन करतो आणि ठरलेले प्रश्न येतात. गावात घर मिळालंय, शेजारी प्रेमळ आहेत, फाटकाशी उभं राहून तासभर बोलतात, पण बोलले काय ते कळत नाही. उच्चारांचा भाग थोडाच. खरी अडचण ही की इथल्या गप्पा शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेल्या असतात आणि आपण मध्येच येऊन बसतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

पहिल्या भेटीत काय बोलायचं?

हवामान. झिमझिम पाऊस असला तर "सॉफ्ट डे" म्हणायचं, ऊन पडलं तर "हे काही टिकायचं नाही" म्हणायचं. एवढ्यावर पहिला महिना निघतो.

आणि बोट. इथल्या अरुंद रस्त्याला बोरीन म्हणतात: दोन्हीकडे दगडी गडगे, मधोमध गवताची पट्टी, थोडक्यात आपली पाणंद. समोरून ट्रॅक्टर आला की चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. तेवढाच नमस्कार. मी पहिले सहा महिने अख्खा हात हलवत होते. नंतर कळलं, आमच्या रस्त्यावर माझी ओळख "ती हात हलवणारी" अशीच झाली होती.

नाव सांगितलं तरी "पण तू कुठल्या घरात राहतेस?" हे पुन्हा पुन्हा का विचारतात?

कारण नावावरून इथे काही कळत नाही. आमच्या टाउनलँडमध्ये एकाच नावाआडनावाचे तिघे आहेत. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीएवढा तुकडा. आयर्लंडच्या अख्ख्या बेटावर असे ६० हजारांहून जास्त. मग माणसाच्या नावापुढे बापाचं, कधी आज्याचं नाव जोडतात, नाहीतर घर ओळखायचं ते "खाणीजवळचं", "जुन्या फोर्जच्या, म्हणजे लोहारशाळेच्या, मागचं" असं. २०१५ मध्ये एअरकोड आले तोवर खेड्यातल्या घरांना पिनकोडसारखं काहीच नव्हतं. पोस्टमनला सगळं पाठ.

आपल्याकडे म्हातारी माणसं विचारतात ना, "कुणापैकी गं तू?" तोच प्रश्न. तुम्ही कुणापैकीच नाही, म्हणून तुम्हाला घर चिकटवतात. "मेरीच्या घरात राहते ती." मेरी जाऊन अकरा वर्षं झाली तरी घर मेरीचंच.

फीना फॉल आणि फिन गेल या दोन पक्षांत फरक काय?

हा प्रश्न मी एका शेजाऱ्याला विचारला होता. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ते बाप कोण होता यावर आहे."

थोडक्यात गोष्ट अशी. १९१९ ते १९२१ ब्रिटिशांविरुद्ध गनिमी युद्ध झालं. ११ जुलै १९२१ ला युद्धबंदी, ६ डिसेंबरला लंडनमध्ये तह. तहात संपूर्ण प्रजासत्ताक नव्हतं: साम्राज्यातच राहून स्वराज्य, राजाशी निष्ठेची शपथ, आणि उत्तरेकडच्या सहा काउंट्या वेगळ्याच. ७ जानेवारी १९२२ ला डॉलने, म्हणजे इथल्या लोकसभेने, तो ६४ विरुद्ध ५७ मतांनी मान्य केला. सात मतांचा फरक. जूनमध्ये यादवी पेटली. कालपर्यंत एकाच गडग्याआड लपून बंदुका चालवणारे एकमेकांवर चालवू लागले. तहावर सही करणारे मायकल कॉलिन्स २२ ऑगस्टला कॉर्कमध्ये, स्वतःच्याच काउंटीत, मारले गेले. मे १९२३ मध्ये लढाई थांबली, तोवर तहवाद्यांच्या सरकारने सत्तराहून जास्त कैद्यांना गोळ्या घातल्या होत्या.

तहविरोधकांचे पुढारी एमन डी व्हॅलेरा यांनी १९२६ मध्ये फीना फॉल काढला आणि १९३२ मध्ये सत्तेवर आले. तहवाद्यांचा पक्ष १९३३ मध्ये इतरांत मिसळून फिन गेल झाला. त्यात निळे शर्ट घालून कवायती करणारी एक संघटनाही होती. अजून कुणी रागाने "ब्लूशर्ट" म्हणालं तर ते फिन गेलवाल्याला आहे, कपड्यांना नाही.

धोरणांत म्हणाल तर दोघांत आज शोधूनही फारसं अंतर सापडत नाही. २०२० मध्ये दोघांनी, ग्रीन पक्षाला घेऊन, पहिल्यांदाच एकत्र सरकार बनवलं. २०२४ च्या निवडणुकीत फीना फॉलला ४८, शिन फेनला ३९, फिन गेलला ३८ जागा मिळाल्या आणि पहिला-तिसरा पुन्हा एकत्र बसले. डब्लिनमध्ये लोकांना त्याचं काही वाटलं नाही. आमच्याकडच्या एका आजोबांनी मात्र त्या दिवशी बातम्या बंद करायला लावल्या. भावकीतला बांधाचा वाद कोर्टात मिटतो, बांधावर मिटत नाही, तसलंच हे.

मग मत कुणाला देता, असं विचारलं तर चालतं का?

नाही. पगार विचारण्यासारखंच आहे ते. विचारायची गरजही पडत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं. कसं ते सांगते.

इथे विधान परिषदेसारखे पसंतीक्रम टाकतात: १, २, ३. एका मतदारसंघातून तीन ते पाच टीडी, म्हणजे खासदार, निवडून जातात. चार जागा आणि ५०,००० वैध मतं असतील तर ५०,००० भागिले ५, अधिक १, म्हणजे १०,००१ हा निवडून यायला लागणारा कोटा. ज्याला जास्त मिळाली त्याची वरची मतं पुढच्या पसंतीला जातात, तळातला बाद होतो आणि त्याचीही मतं पुढे सरकतात. मोजणी दोन-दोन, तीन-तीन दिवस चालते.

आता गंमत. पेट्या उघडताना मतपत्रिका सुलट्या करतात आणि कठड्याला रेलून पक्षांचे "टॅलीमन" प्रत्येक पेटीतली पहिली पसंती टिपत जातात. पेटी एकेका केंद्राची. आमच्या शाळेतल्या पेटीत दोन-अडीचशे मतं. दुपारच्या जेवणापर्यंत गावाला कळतं की यंदा अपक्षाला एकोणीस जास्त पडली, आणि संध्याकाळपर्यंत त्या एकोणिसांची नावंही ठरतात, बरोबर असोत वा नसोत.

तुम्हालाही यात भाग आहे. स्थानिक निवडणुकीत इथे राहणारा कुणीही प्रौढ, नागरिकत्व कुठलंही असो, नाव नोंदवून मत देऊ शकतो. डॉलसाठी मात्र भारतीय पासपोर्टवर नाही. तेव्हा उमेदवार दारात येणारच. तो राष्ट्रीय प्रश्नांवर बोलणार नाही. पाणंदीतला खड्डा, हॉस्पिटलची तारीख, दिव्याचा खांब यांबद्दल विचारेल. खड्ड्याचं सांगा. आमचा बुजला.

लिओ वराडकरांचं नाव काढावं का?

तुम्ही नाही काढलं तर ते काढतील. "तो तुमच्यातलाच ना?" वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे डॉक्टर, आई वॉटरफर्डकडची नर्स, जन्म डब्लिनचा. २०१७ मध्ये टीशख, म्हणजे पंतप्रधान झाले, २०२२ च्या शेवटी पुन्हा झाले, २०२४ मध्ये पायउतार. मधल्या काळात, डिसेंबर २०१९ मध्ये, वराडला घरी येऊनही गेले.

मी शेजाऱ्यांना सांगितलं, वराडकर म्हणजे वराडचा. आडनावातच गाव. ते ऐकून सगळ्यांना एवढं बरं वाटलं की काही विचारू नका. सात वर्षं ज्याला टीव्हीवर पाहिलं तो कुणापैकी ते अखेर कळलं! बाकी ते फिन गेलचे, त्यामुळे कौतुक किती होईल ते तुम्ही कुणाच्या स्वयंपाकघरात बसला आहात यावर अवलंबून.

म्हातारी माणसं "इमर्जन्सी" म्हणतात ती कुठली? त्यांच्याकडेही आणीबाणी होती?

आपल्याला १९७५ आठवतं. त्यांची इमर्जन्सी म्हणजे दुसरं महायुद्ध. आयर्लंड तटस्थ होतं, सरकारने सप्टेंबर १९३९ मध्ये आणीबाणी जाहीर केली आणि लोकांनी युद्धालाच ते नाव दिलं. कागदोपत्री ती १९७६ पर्यंत उठवलीच नव्हती, हे अजून एक.

आमच्याकडे नव्वदी ओलांडलेले एक आजोबा आहेत. चहाची पिशवी कपातून काढून बशीच्या कडेला ठेवतात, चमच्याने नीट दाबून, चौकोनी. तासाने दुसरा कप त्याच पिशवीवर. नवी देऊ का म्हटलं तर दुखावतात. १९४१ मध्ये इथे माणशी आठवड्याला अर्धा औंस चहा मिळायचा, जेमतेम १४ ग्रॅम. ब्रिटनमध्ये, जिथे बॉम्ब पडत होते, तिथे दोन औंस होता. हा अन्याय आजोबा अजून विसरलेले नाहीत. त्यांची आई म्हणे डँडेलियनची मुळं भाजून कॉफी करायची. "कॉफीसारखी लागायची?" म्हटलं तर म्हणाले, "त्याआधी कॉफी प्यायलीच कुणी होती?"

बाकी आठवणींत काळपट ब्रेड, गवताळ रानं नांगरून गहू लावायची सक्ती, कोळसा बंद म्हणून पीट खणणं हे येतंच. दलदलीतली ही माती विटांसारखी कापून, उभी करून वाळवतात आणि जाळतात. डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये तेव्हा त्याच्या गंजी लागल्या होत्या. घरटी एखादा तरी इंग्लंडला गेलेला असायचा, कारखान्यात नाहीतर बांधकामावर.

तटस्थ म्हणजे अगदी अलिप्त असं समजू नका. किनाऱ्यावर ८३ टेहळणी चौक्या होत्या आणि त्यांच्याजवळ चुना लावलेल्या दगडांनी जमिनीवर मोठ्या अक्षरांत देशाचं नाव, "एअरा", काढलेलं होतं, वरून जाणाऱ्या विमानांना कळावं म्हणून. काही ठिकाणी ते अजून दिसतं. आणि आमच्याच काउंटीच्या टोकाला ब्लॅकसॉड आहे. तिथल्या पोस्टात काम करणारी मॉरीन फ्लॅव्हिन हवामानाच्या नोंदी घ्यायची; त्या गुपचूप ब्रिटनला जात, कारण अटलांटिकवरचं वादळ आधी इथे पोचतं. ३ जून १९४४, तिचा एकविसावा वाढदिवस. वायुभारमापकातला पारा झरझर उतरत होता. तिने नोंद पाठवली, तर इंग्लंडहून एका बाईचा फोन: पुन्हा तपासा. परत तपासलं, तेच. दोस्त राष्ट्रांची फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरची चढाई ५ जूनवरून ६ वर गेली त्यामागे ती नोंद होती. हे तिला स्वतःला कळायला पुढे बारा वर्षं लागली. आमच्या नर्सिंग होममध्ये निम्म्या जणांची तिच्याशी काहीतरी ओळख निघते. मेयोत लोकसंख्या कमी आहे, कदाचित खरंही असेल.

एक गोष्ट मात्र जपून. आयरिश सैन्यातून पळून जाऊन ब्रिटिश सैन्यात हिटलरविरुद्ध लढलेले सुमारे ५,००० जण होते. परत आल्यावर त्यांना सात वर्षं सरकारी नोकरी बंद होती. माफी मिळाली २०१३ मध्ये, तोवर बहुतेक गेलेले. ज्या घरातला तसा कुणी होता, त्या घरात हा विषय त्यांनीच काढू दे.

१९२०-२३ च्या आठवणी विचाराव्यात का?

आधीच्या दोन वर्षांच्या, हो. "टॅन्स" हा शब्द कानावर येईल. ब्लॅक अँड टॅन्स म्हणजे १९२० मध्ये ब्रिटिशांनी पोलिसांच्या मदतीला पाठवलेले भरती शिपाई, घरं जाळण्याबद्दल कुप्रसिद्ध. वेस्टपोर्टहून लीननकडे जाताना कॅरोकेनेडीला २ जून १९२१ ला त्यांच्यावर छापा पडला, ती जागा तुम्हाला गाडी थांबवून दाखवतील. कुठल्या गडग्याआड कोण होतं तेही सांगतील, जणू मागच्या मंगळवारचं.

नंतरच्या वर्षाचं, नाही. यादवीबद्दल विचारलं की हवामान सुरू होतं. मला याचं कोडं होतं, ते एका पेन्शनमुळे सुटलं. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांना १९२४ च्या कायद्याने पेन्शन मिळू लागली, पण तहविरोधकांना त्यासाठी १९३४ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. अर्जाला साक्षीदार लागायचे: अमुक रात्री हा माणूस आमच्याबरोबर होता. म्हणजे शेजाऱ्याच्या शब्दावर चूल. कुणी सही केली, कुणी नाही. युद्धबंदीनंतर धोका संपल्यावर सामील झालेल्यांना "ट्रुसिलिअर" म्हणत, आणि ते एकदा कुणाला म्हटलं गेलं की पुसत नाही.

आमच्या पाणंदीत समोरासमोर दोन घरं आहेत. गाय अडली तर एकमेकांकडे धावतात, पण एक जण दुसऱ्याच्या चुलीपाशी कधी बसलेला मी पाहिला नाही. का, ते कुणी सांगेना. ही पेन्शनची कागदपत्रं आता सरकारने टप्प्याटप्प्याने ऑनलाइन खुली केली आहेत. एका घरातल्या नातवाने आजोबांची फाइल उघडली. त्यात समोरच्या आजोबांचं पत्र होतं: "सदर इसमास मी ओळखतो, परंतु त्या रात्री तो तेथे नव्हता." टाइप केलेल्या दोन ओळी. नातवाने मला फोनवर दाखवल्या आणि म्हणाला, "खरंच नसेल तिथे."

शाळेबद्दल एवढं का बोलतात?

कारण तुमची मुलं. गावातल्या शाळा लहान, दोन शिक्षकी, तीन शिक्षकी. ३० सप्टेंबरला पटावर किती मुलं आहेत त्यावर पुढच्या वर्षी किती शिक्षक मिळणार ते ठरतं. एखाददुसरं मूल कमी पडलं की एक शिक्षक जातो, मग पालक मुलं दुसरीकडे हलवतात, मग शाळाच जाते. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात तीन जणांनी सफरचंदाचा टार्ट आणून दिला आणि तिघांनीही, इकडचं तिकडचं झाल्यावर, मुलींचं वय विचारलं. मला वाटलं लाघवीपणा. होताच, पण हिशेबही होता. आमच्या दोघींनी एक शिक्षिका टिकली.

शाळा चर्चच्या असतात, मग आपल्या मुलांचं काय?

प्राथमिक शाळांतल्या सुमारे दहापैकी नऊ कॅथलिक चर्चच्या आश्रयाखाली आहेत. पगार सरकार देतं, आश्रयदाता बिशप. हे १८३१ पासूनच्या राष्ट्रीय शाळांच्या व्यवस्थेतून आलंय, जी खरं तर सर्वधर्मीय असायची होती. २०१८ च्या कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांना प्रवेशात धर्म पाहता येत नाही. धर्मशिक्षणाच्या तासातून मुलाला वगळायचा हक्क आहे. प्रत्यक्षात ते मागे बसून चित्रं रंगवतं. अवघड वर्ष दुसरी इयत्ता, कारण फर्स्ट कम्युनियन, कॅथलिक मुलांचा एक धार्मिक विधी. वर्गभर पांढऱ्या झग्यांची तयारी चालते. माझी धाकटी एक महिना रुसली होती, धर्मासाठी नाही, झग्यासाठी.

जुन्या शाळेच्या आठवणी निघाल्या तर काय ऐकायला मिळेल?

रोज काखेत पीटची एक वीट घेऊन जाणं, शाळेच्या शेगडीसाठी. आणली नाही तर मागे बसायचं. मास्तर शेगडीकडे पाठ करून उभे, म्हणजे ऊब त्यांनाच. छडी, जी १९८२ पर्यंत कायदेशीर होती. हे ते हसत सांगतात. सगळे हसत नाहीत, तिथे गप्प बसा.

आयरिश भाषा सगळ्यांना सक्तीची, वर्षानुवर्षं, आणि तरी बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य पक्कं उरलेलं: "बाहेर जायची परवानगी आहे का?" बेलमलेटच्या पुढे किंवा अकिलमध्ये काही भागांत ती अजून घरात बोलतात, तिथे हा विनोद करू नका.

चौदाव्या वर्षी शाळा सुटायची, कारण पुढे फी. १९६६ च्या सप्टेंबरात शिक्षणमंत्री डोनॉ ओ'मॅली यांनी अर्थमंत्र्यांना न विचारताच भाषणात माध्यमिक शिक्षण मोफत करू असं जाहीर करून टाकलं. पुढच्याच वर्षी ते झालं, खेड्यातल्या मुलांसाठी मोफत बसही आली. सत्तरीतल्या माणसांत ही एक रेघ आहे: बसच्या आधीचे आणि बसनंतरचे. सख्खी भावंडंसुद्धा, मोठा बर्मिंगहॅमला गवंडी, धाकटी मुख्याध्यापिका. मोठ्यासमोर बसचं कौतुक जरा बेतानेच.

आणि एक खजिना. १९३७ ते १९३९ दरम्यान लोककथा आयोगाने सुमारे ५,००० शाळांतल्या वरच्या वर्गांना काम दिलं: घरच्या, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून गोष्टी, औषधं, भुतं, दुष्काळाच्या आठवणी वहीत लिहून आणा. साडेसात लाखांच्या आसपास पानं जमली. "दूखस" या संकेतस्थळावर शाळेच्या नावाने शोधता येतात. रात्रपाळीला मी एका आजींना त्यांच्या शाळेचं पान काढून दाखवलं. डांग्या खोकल्यावर उपाय: पांढऱ्या घोड्यावरून जाणारा माणूस दिसला तर त्याला विचारायचं, तो सांगेल ते औषध. खाली लिहिणारीचं नाव, आजींच्या थोरल्या बहिणीचं. आजींनी टॅब्लेट जवळ ओढला, अक्षरावरून बोट फिरवलं, त्यामुळे पान पुढे सरकलं. मी परत आणलं. म्हणाल्या, "स्पेलिंग चुकलंय बघ. मला मात्र मारायची."

कोणता विषय मुळीच काढू नये?

जमीन. कुणाची किती, कुणाला जाणार, घर बांधायची परवानगी कुणाला मिळाली नि कुणाला नाही. आणि आयर्लंडला कधी ब्रिटनमध्ये घालू नका, फॉर्म भरतानासुद्धा.

शेजारी मयत झाली तर?

जायचंच. बातमी स्थानिक रेडिओवर आणि एका ठरलेल्या संकेतस्थळावर येते. सकाळी चहाबरोबर ते बघायची लोकांना सवय आहे. रांगेत उभं राहून घरच्यांच्या प्रत्येकाशी हात मिळवायचा, "सॉरी फॉर युअर ट्रबल" एवढंच म्हणायचं, पुढे सरकायचं. सगळ्या पक्षांचे पुढारी त्याच रांगेत दिसतील. सँडविच नेलेत तर उत्तम, अंड्याचे चालतात. गाडी लांब, मोठ्या रस्त्यावरच लावा. पाणंदीत लावलीत तर शववाहिका अडते, आणि ते पुढची वीस वर्षं ऐकावं लागतं.